बदकाच्या पायाला पडदा कसा आला?

हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी नांदूर मध्यमेश्वरला गेले, तर मनोऱ्यावर दुर्बिणीसाठी भांडणारी लहान मुले हमखास भेटतात. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्या जिथे एकत्र येतात, तिथल्या बंधाऱ्यामुळे हे पाणथळ तयार झाले. जानेवारी २०२० मध्ये त्याचा रामसर यादीत समावेश जाहीर झाला आणि महाराष्ट्रातले ते पहिले रामसर स्थळ ठरले. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत इथे पाणपक्ष्यांची जत्राच भरते. अशा जत्रेत पाच-सहा वर्षांचे एखादे पोर हमखास विचारते, "बदकाच्या पायाला तो पडदा कशाला असतो?" सोबतची आई, मामा किंवा शाळेच्या बाई लगेच सांगतात, "पोहता यावं म्हणून." पोर मान डोलावते आणि पुढच्या पक्ष्याकडे वळते.

हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धे आहे. पडदा काय काम करतो एवढेच त्यातून कळते. तो आला कसा, हे कळत नाही. उरलेला भाग मूल आपल्या मनाने जुळवते: बदकाला पोहायचे होते, म्हणून त्याला पडदा फुटला. गरज पडली की शरीर बदलते, हा समज तिथून पक्का होत जातो. मोठेपणी तोच समज औषधांविषयीच्या गैरसमजात डोकावतो. म्हणून मुलांना पाणपक्षी दाखवताना दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. हा अवयव काय काम करतो, हा पहिला. तो असा झाला कसा, हा दुसरा.

एका फेरीत एकच अवयव

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठ करून घेण्यापेक्षा हाताला जाणवू द्यावे. चार ते आठ वर्षांच्या मुलांना पन्नास पक्ष्यांची नावे सांगून उपयोग होत नाही. एका फेरीत एकच अवयव घ्यावा. सुरुवात पायांपासून करणे सोपे जाते.

आदल्या दिवशी घरी बादलीभर पाणी घ्यावे. मुलाला बोटे फाकवून हात पाण्यात मागे-पुढे हलवायला सांगावे. मग त्याच हातावर भाजीची पातळ पिशवी चढवून पुन्हा तसेच करायला सांगावे. या वेळी पाणी जोराने ढकलले जाते आणि हाताला रेटा बसतो. हाच बदकाचा पडदा. पाय मागे रेटताना बदक बोटे पसरते आणि पुढे आणताना छत्री मिटावी तशी मिटते. पिशवीतला हात पुढे आणताना मूठ मिटली तर पाणी कमी अडवते, हे मुलाला स्वतःलाच सापडते.

दुसऱ्या दिवशी काठावर पाय बघायचे. चोचीच्या बुडाशी तांबडे ठिपके आणि टोकाला पिवळा रंग असलेले हळदी-कुंकू बदक वर्षभर आपल्याकडेच राहते, त्याच्या तिन्ही पुढच्या बोटांमध्ये पडदा असतो. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी, म्हणजेच चांदवा, बदकांमध्येच पोहतो, पण तो बदक नाही. त्याच्या प्रत्येक बोटाला स्वतंत्र पाळी असतात. टिबुकलीचे पाय बोटीच्या पंख्यासारखे शरीराच्या अगदी मागच्या बाजूला असतात. त्यामुळे ती बुडी झकास मारते, पण जमिनीवर तिला धड चालता येत नाही. कमळपक्ष्याला पडदाच नसतो. त्याची बोटे इतकी लांब असतात की शरीराचा भार पसरला जातो आणि तो तरंगत्या पानांवरून सहज चालतो. चिखलावर फळी टाकून आपण चालतो, तसेच हे. शेकाट्याच्या काडीसारख्या गुलाबी पायांमुळे त्याचे अंग कोरडे राहते आणि उथळ पाण्यात चरता येते.

पाणी एकच असूनही पायांचे एवढे प्रकार आहेत, हे मुलांच्या लक्षात आले की पहिल्या फेरीचे काम झाले.

चिमटा, गाळणी आणि चमचा

दुसऱ्या फेरीत चोच घ्यावी. परातीत पाणी घेऊन त्यात थोडे मुरमुरे तरंगू द्यावेत, तळाला मूग टाकावेत आणि चिमूटभर रवा सोडावा. मुलाच्या हातात चिमटा, चहाची गाळणी आणि चमचा द्यावा. कोणत्या वस्तूने काय पटकन निघते, ते त्याने बघावे. चिमट्याने रवा निघत नाही. गाळणीने मुरमुरे आणि रवा दोन्ही निघतात. तळाचा मूग मात्र चमच्याला जास्त सोपा जातो.

मग पक्षी बघायचे. बगळा आणि ढोकरी यांची चोच चिमट्यासारखी असते, एका वेळी एकच मासा किंवा बेडूक टिपणारी. थापट्या बदकाची चोच पुढे पसरट असते आणि तिच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. तोंडात घेतलेले पाणी दात्यांतून बाहेर जाते आणि आतले बारीक जीव अडकतात. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ येणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हीच युक्ती डोके उलटे करून वापरतात. त्यांची मांसल जीभ पंपासारखी मागे-पुढे होऊन पाणी आत ओढते आणि बाहेर लोटते. चमचा पक्षी अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो आणि चोचीला काही लागले की ती मिटतो.

रोहिताचा गुलाबी रंगही त्याच्या जेवणातूनच येतो. शेवाळ आणि बारीक जीवांमधली कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्ये पिसांमध्ये उतरतात. पिल्ले जन्मतात तेव्हा राखाडी-पांढुरकी असतात. गाजर केशरी दिसते तेही याच कुळातल्या रंगद्रव्यामुळे. एवढे ऐकल्यावर मुले ताटातल्या कोशिंबिरीकडे जरा निराळ्या नजरेने बघतात.

अळवावरचे पाणी

बदक पाण्यातून बाहेर आले तरी कोरडे कसे, हा मुलांचा ठरलेला प्रश्न असतो. त्यासाठी अनेक ठिकाणी कागदाच्या बदकाला तेल चोपडून त्यावर पाणी शिंपडतात. पाणी घरंगळते आणि "बदकाच्या पिसांना तेल असते" असे सांगून धडा संपतो. इथेही अर्धीच गोष्ट सांगितली जाते. बदकाच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते आणि चोचीने ते तेल पिसांवर फिरवते, हे खरे. पण पाणी दूर राहते ते मुख्यतः पिसांच्या बारीक विणीमुळे. पिसाचे तंतू एकमेकांत अडकून त्यांच्यामध्ये हवा धरून ठेवतात. तेलामुळे ही वीण लवचीक राहते आणि टिकते. बदक दिवसभर पिसे साफ करत बसलेले दिसते, तेव्हा ते उसवलेली वीण पुन्हा बसवत असते.

हे दाखवायला तेलापेक्षा अळूचे पान चांगले. अळवावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा पळतो, कारण पानावर बारीक उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा पातळ थर असतो. रचना आणि लेप, दोन्ही मिळून काम करतात. पानाचा एक भाग अंगठ्याने जोरात चोळून तिथे थेंब टाकला, की तो पसरतो. दुसऱ्या भागावर कपडे धुण्याच्या साबणाचे पाणी टाकले, तर तेही मोत्यासारखे न पळता पानाला चिकटते. अळूच्या रसाने खाज सुटते, त्यामुळे देठ मोठ्यांनी कापावा आणि मुलांनी नंतर हात धुवावेत.

या एका पानातून मुलाला पुढचेही समजते. तलावात साबणाचे आणि तेलाचे सांडपाणी गेले, तर पिसांमधली हवा निघून जाते, पाणी थेट कातडीला लागते आणि पक्षी गारठतो. पाणी स्वच्छ ठेवा, या सूचनेमागचे कारण त्याने स्वतःच्या हाताने करून पाहिलेले असते.

पाणकावळा या नियमाला थोडा अपवाद आहे. त्याच्या पिसांचा बाहेरचा भाग भिजतो, त्यामुळे तो कमी तरंगतो आणि माशामागे सहज बुडी मारतो. बाहेर आल्यावर मात्र पंख पसरून वाळवत बसतो. एका पक्ष्याला कोरडे राहणे फायद्याचे, तर दुसऱ्याला थोडे भिजणे.

"म्हणून" या शब्दाची गडबड

आता दुसरा प्रश्न. हे सगळे आले कसे? शालेय पुस्तकांत याला अनुकूलन म्हणतात आणि बहुतेक मोठ्या माणसांना वाटते की लहान मुलांना ते झेपणार नाही. संशोधन तसे सांगत नाही.

अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलमन यांनी लहान मुलांच्या विचारपद्धतीवर अनेक वर्षे काम केले आहे. लहान मुले जगातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला हेतू चिकटवतात, असे त्यांना आढळले. खडक टोकदार का, असे विचारले तर प्राण्यांना अंग खाजवता यावे म्हणून, हे उत्तर मुलांना पटते. २०१४ मध्ये केलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी पाच ते आठ वर्षांच्या मुलांना एक चित्रकथा वाचून दाखवली. 'पिलोसा' नावाच्या काल्पनिक प्राण्यांच्या कळपात काहींच्या सोंडा जाड होत्या, काहींच्या बारीक. हवामान बदलले आणि त्यांचे खाद्य असलेले किडे जमिनीतल्या अरुंद बोगद्यांत गेले. बारीक सोंडेच्या प्राण्यांना खायला मिळत राहिले, त्यांना पिल्ले जास्त झाली आणि बऱ्याच पिढ्यांनंतर कळपात बहुतेक सगळे बारीक सोंडेचेच उरले. ही गोष्ट मुलांना समजली, दुसऱ्या अनोळखी प्राण्याला ती लावता आली आणि तीन महिन्यांनंतरही बऱ्यापैकी आठवत होती.

म्हणजे अडचण मुलांच्या वयाची नाही, गोष्ट सांगण्याच्या पद्धतीची आहे. बदकाची गोष्ट घरी अशी सांगता येईल:

"फार फार पूर्वी पाण्याकाठी काही पक्षी राहत होते. तुझ्या वर्गात जशी सगळी मुलं सारख्या उंचीची नाहीत, तसे तेही सगळे सारखे नव्हते. कुणाच्या बोटांमध्ये कातडी थोडी जास्त, कुणाच्या थोडी कमी. ती त्यांनी मागितली नव्हती, जन्मतःच तशी होती. ज्यांची कातडी जास्त, त्यांना पाणी चांगलं ढकलता यायचं. त्यांना खाऊ जास्त मिळायचा, ते जास्त जगायचे आणि त्यांना पिल्लं जास्त व्हायची. पिल्लं आईबाबांसारखीच असायची. असं एकदा नाही, दोनदा नाही, हजारो वेळा झालं. आजीची आजी, तिची आजी, तिचीही आजी, इतका वेळ गेला. शेवटी बोटांमध्ये मोठा पडदा असलेलेच पक्षी उरले."

या गोष्टीत चार गोष्टी सुटू नयेत. सगळे सारखे नव्हते. वेगळेपण जन्मतः होते. काही जास्त जगले आणि त्यांना पिल्ले जास्त झाली. आणि याला फार पिढ्या लागल्या.

मुलाला कळले की नाही, हे तपासायला एक प्रश्न पुरतो. "आपण कोंबडीला रोज तळ्यात सोडलं, तर तिच्या पायाला पडदा येईल का?" बहुतेक मुले आधी "हो" म्हणतात. गोष्ट नीट समजली की "नाही" म्हणतात, आणि काही तर पुढे विचारतात, "मग तिच्या पिल्लांना?" पिल्लांनाही येणार नाही. कोंबडीने कितीही सराव केला तरी तो तिच्या पिल्लांच्या पायात उतरत नाही. एवढे समजलेल्या मुलाने जीवशास्त्राची मोठी पायरी ओलांडलेली असते.

पोटातल्या बाळालाही पडदा

पडदा मागून मिळत नाही, हे पटायला आणखी एक पुरावा थेट आपल्या शरीरात आहे. आईच्या पोटात सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाचा हात वल्ह्यासारखा चपटा असतो आणि बोटांच्या मध्ये ऊती असते. आठव्या आठवड्यापर्यंत त्या मधल्या पेशी शिस्तीत मरतात आणि बोटे सुटी होतात. कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लाच्या पायातही हेच घडते. बदकाच्या पिल्लात मात्र ग्रेमलिन नावाचे प्रथिन पेशींना मिळणारा मरणाचा इशारा अडवते आणि पडदा राहून जातो. बदकाला पडदा नव्याने फुटत नाही. कोंबडीत आणि माणसात जो जातो, तो बदकात जात नाही.

माणसातही कधी कधी तो पूर्ण जात नाही. सुमारे दोन ते तीन हजार जन्मांमागे एका बाळाची दोन किंवा अधिक बोटे जुळलेली असतात. आपल्याकडे अशा बाळाच्या आईला अजूनही विचारले जाते, "ग्रहण पाळलं नव्हतंस का?" तिने ग्रहणात काही चिरले, शिवले किंवा गाठ मारली, म्हणून हे झाले असे ठरवून टाकतात. पहिल्या बाळंतपणाने थकलेल्या मुलीच्या मनावर हे ओझे वर्षानुवर्षे राहते. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. काही घरांत ही ठेवण आनुवंशिक असते, तर कधी ती एखाद्या व्यापक जन्मजात आजाराचा भाग असते, म्हणून बालरोगतज्ज्ञांना बाळ दाखवणे महत्त्वाचे. हाताची बोटे बहुतेक वेळा लहानपणीच शस्त्रक्रियेने सुटी करता येतात. पायाच्या बोटांतल्या साध्या पडद्याला अनेकदा उपचारांचीही गरज नसते.

औषधाची सवय कुणाला होते?

कोंबडीच्या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांच्याही कामाचे आहे. "या गोळ्यांची माझ्या अंगाला सवय झाली, आता लागू पडत नाहीत," हे वाक्य ओपीडीत रोज ऐकू येते. प्रतिजैविकांच्या, म्हणजे अँटिबायोटिकच्या बाबतीत सवय माणसाच्या अंगाला होत नाही आणि एखाद्या जिवाणूलाही होत नाही. कोट्यवधी जिवाणूंमध्ये सगळे सारखे नसतात. एखाद्यात औषध निष्प्रभ करणारा बदल आधीच असतो, किंवा तो दुसऱ्या जिवाणूकडून आलेला असतो. औषध बाकीच्यांना मारते, हा उरतो आणि वाढतो. बदकाच्या पायाला लागल्या तशा इथेही पिढ्या लागतात, फक्त जिवाणूची पिढी काही वेळा वीस मिनिटांची असते. हजारो वर्षांचे काम काही दिवसांत होते.

पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मधल्या नोबेल व्याख्यानातच हा धोका सांगितला होता. अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेणारा माणूस न मेलेले, औषधाला दाद न देणारे जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, असे त्यांनी उदाहरणासह बजावले होते. ज्यांना बदकाची गोष्ट नीट समजली आहे, त्यांना पुढच्या सूचना वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिला अँटिबायोटिक लागत नाही. घरात उरलेल्या किंवा शेजाऱ्याने दिलेल्या गोळ्या घेऊ नयेत. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा आणि दिवस आपल्या मनाने कमी-जास्त करू नयेत. पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय विकत घेऊ नये.

काठावर जाताना

मुलांना घेऊन जाताना काही साध्या गोष्टी पाळाव्यात. पक्ष्यांना पाव, गाठिया, फरसाण घालू नये. त्यात त्यांना लागणारे पोषण नसते, एका जागी गर्दी होऊन रोग पसरायला वाव मिळतो आणि उरलेले अन्न पाण्यात कुजते. भिगवणला होडीत बसल्यावर फोटोसाठी थवा उडवायला नावाड्याला सांगू नये. प्रत्येक उड्डाणात पक्ष्याची खाऊन साठवलेली ताकद खर्च होते.

मेलेल्या किंवा आजारी पक्ष्याला हात लावू नये, पिसे गोळा करून घरी आणू नयेत. रानटी पाणपक्षी बर्ड फ्लूच्या विषाणूंचे नैसर्गिक आश्रयस्थान आहेत. भारतात कोंबड्यांमधली पहिली मोठी साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळली होती. लांबून पक्षी बघण्याने धोका नसतो, त्यामुळे घाबरून घरी बसायचे कारण नाही. एका जागी बरेच पक्षी मेलेले दिसले, तर वनखात्याला किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवावे. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये, लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग तिथून होऊ शकतो. लहान मुलाचा हात काठावर मोठ्या माणसाच्याच हातात असावा. डबा उघडण्याआधी सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत.

घरी परतताना मुलाला किती पक्षी ओळखले, असे विचारण्याऐवजी कोंबडीचा प्रश्न पुन्हा एकदा विचारावा. उत्तर "हो" आले तरी रागावू नये. रात्री झोपताना ती आजीच्या आजीची गोष्ट पुन्हा सांगावी आणि पुढच्या रविवारी पुन्हा तळ्यावर जावे.